चेहरा दिसला पाहिजे

यशोधन देवस्थळी मूळचा नागपूरचा. नोकरी बर्मिंगहॅमला सॉफ्टवेअरची, पण जीव सगळा कॅमेऱ्यात. मंडळाचा गणपती असो की कुणाचं बारसं, हा बाबा पाहुण्यांच्या अंगावर धावून जाणार, "चेहरा दिसला पाहिजे!" पाठमोरा फोटो म्हणजे त्याच्या लेखी फुकट गेला. नागपूरच्या नातेवाइकांना मग दाखवायचं काय?

त्याची लेक आश्लेषा सोळा वर्षांची, माउंटन बाइकवर बसली की वारा प्यायल्यासारखी. जानेवारीत बर्फ पडला. पुढच्याच शनिवारी तिचं टीमसाठी सिलेक्शन होतं, त्यासाठी पोरीने दोन हिवाळे चिखल खाल्ला होता. ती प्रॅक्टिसला रानात निघाली, तर हा कॅमेरा घेऊन मागोमाग हजर.

रानातला उजेड मोठा वैतागवाणा. उडीच्या उंचवट्यावर बर्फावरचं ऊन डोळ्यांत घुसत होतं आणि पलीकडे उतरायची जागा पाइनच्या काळ्याकुट्ट सावलीत. बर्फ सांभाळावा तर पोरीचं तोंड कोळसा, तोंड सांभाळावं तर बर्फाचा नुसता पांढरा डाग. यशोधनने खटपट करून गणित जमवलं. खोट राहिली ती तिच्या काळ्या गॉगलची.

"काढ तो. वेल्डर दिसतेस!"

"बाबा, नको ना. ऊन डायरेक्ट डोळ्यात जाते, मग खाली काहीच दिसत नाही."

"एका उडीने काय होतंय? आजीला पाठवायचाय."

आजीचं नाव निघाल्यावर पोर काय बोलणार? काढला तिने. उडाली. तोंडावर सोन्यासारखं ऊन, आणि कॅमेरा धडाधड चालला. मग ती आंधळ्यासारखी सावलीत शिरली, पुढचं चाक पाइनच्या मुळीत अडकलं आणि गुडघ्यातून कडकन आवाज आला.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, रेसिंगचं आता विसरा. आणि हा शहाणा! पोरीच्या कॉटच्या पडद्याबाहेर बसून त्याने तो फोटो नागपूरला पाठवलासुद्धा. "काय तेज आहे हो पोरीच्या चेहऱ्यावर!" म्हणून तिकडून कौतुक सुरू.

त्याची बायको वीणा धावतपळत पोचली. तिने कॅमेरा हिसकावला आणि पुढचे फोटो बघितले. चाक वाकडं झालेलं. पोर हवेत आडवी. पोर बर्फात, गुडघा धरून. एकूण एक फोटो स्वच्छ.

"इथे ती 'बाबा' म्हणून ओरडतेय ना रे?"

यशोधनने मान खाली घातली.

"आणि तू फोकस करत होतास."

पडद्यापलीकडच्या कॉटवरून आश्लेषाचा आवाज आला, "आई, त्याला घरी पाठव."