चौघांनी उचललेली खुर्ची

माणसाला चौघांनी मिळून उचलायचं म्हणजे आपल्याकडे प्रसंग एकच. मला मात्र चौघं जण आठवड्यातले पाच दिवस उचलायचे, तेही जिवंतपणी आणि हसतखेळत. एम.ए.ची दोन वर्षं मी अशीच वर गेले आणि अशीच खाली आले. त्या दोन वर्षांत मला भीती वाटली नाही असा एक दिवस आठवत नाही.

चार वर्षांची असताना मला मेंदूज्वर झाला. ताप उतरला, पण पायांत जोर परत आला नाही. तेव्हापासून चाकाची खुर्ची. पंचवटीतल्या घराजवळच्या कॉलेजात बी.ए. निभावलं, कारण तिथले वर्ग तळमजल्यावर होते. पुढे मला भूगोलच करायचा होता, आणि एम.ए.चा भूगोल होता नाशिकच्या पार दुसऱ्या टोकाच्या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर. नकाशांची लाकडी कपाटं कोणे एके काळी वर चढवली होती, ती खाली आणायला कोणी तयार नव्हतं. कपाटं हलवण्यापेक्षा मला हलवणं सोपं पडत होतं.

सवलती नव्हत्या असं नाही. खोटं कशाला बोलू? परीक्षेत जादा वेळ मिळायचा, शिष्यवृत्ती मिळायची, आणि दाराशी गुळगुळीत फरशी बसवलेला नवाकोरा रॅम्प होता. त्या रॅम्पवरून थेट ऑफिसात जाऊन फी भरता यायची. शिकायचं असेल तर जिना. 'दिव्यांग कक्ष' अशी पाटीसुद्धा होती. ती पहिल्या मजल्यावर होती. वर जाताना मी ती रोज उलटी, म्हणजे मान मागे पडलेली असताना, वाचायची.

उलटी का, ते सांगते. पुढचे दोघं वरच्या पायरीवर, मागचे दोघं खालच्या. त्यामुळे खुर्ची मागे कलते, पाय वर जातात, डोकं खाली येतं. डोळ्यांसमोर फक्त छत, छताची जळमटं आणि उचलणाऱ्यांच्या हनुवट्या. हातांनी धरावं असं काही नसतं. खुर्चीचे हात धरले तरी खुर्चीच अधांतरी. उतरताना उलटा प्रकार. तेव्हा वाटायचं, आता तोंडावर जाणार. दोन मजल्यांत जिना दोनदा वळायचा, आणि वळणावर चौघांपैकी एकाला पाय ठेवायला जागाच उरायची नाही. तो भिंतीला घासत, एका पायावर तोल सांभाळत वळायचा. त्या क्षणी मी श्वास घेत नसे.

पोरं मनाने फार चांगली होती. पिंपळगाव बसवंतचा एक जण सुट्टीत द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये क्रेट उचलायचा. त्याच्या हुकमावर बाकीचे चालत. "हां, एकदम. घाई नाय करायची. ताई, तुम्ही निवांत बसा, काय नाय होत." मी निवांत असल्यासारखी हसायची. घाबरलेला चेहरा दिसला तर पोरांचे हात थरथरतील, नाहीतर त्यांना वाईट वाटेल आणि उद्या कोणी येणारच नाही. दोन्हीची भीती. म्हणून ओढणी घट्ट लपेटायची, दात दाखवायचे आणि छताकडे बघायचं.

पाणी मी प्यायचीच नाही. स्वच्छतागृह खाली होतं, आणि तेवढ्यासाठी चार मुलांना चालू तासातून बोलावणं मला मेले तरी जमलं नसतं. सकाळचा अर्धा कप चहा, तोही भीत भीत. उन्हाळ्यात ओठ फुटायचे. मैत्रिणी म्हणायच्या, व्हॅसलीन लाव.

आई रोज रिक्षाने माझ्याबरोबर यायची आणि मी खाली येईपर्यंत जिन्याखालच्या बाकावर बसून राहायची. ती घोटीकडच्या शेतकरी घरातली, रिकामं बसणं तिला ठाऊक नाही. येताना रस्त्यात मेथीची जुडी घ्यायची आणि दुपारभर निवडत बसायची. पोरं मला उचलायला लागली की ती पाठ फिरवून जुडीचा दोरा सोडायला घ्यायची. एकदाही वर बघायची नाही. मला तिचा हेवा वाटायचा, कधी कधी रागही यायचा. म्हटलं, हिचं काळीज बरं घट्ट आहे. लेक हवेत लटकते आहे आणि हिला मेथीची पडली आहे.

गंमत म्हणजे एवढी दुपारभर निवडलेली भाजी, आणि ताटात काड्याच काड्या. क्वचित एखादं मूळही. बाबा सातपूरच्या कारखान्यातून दमून यायचे, पहिल्या घासाला दाताखालून काडी काढायचे आणि म्हणायचे, "लेक कॉलेजात जाऊन शिकली, आई कॉलेजात जाऊन विसरली." आई नुसती हसायची आणि आणखी एक भाकरी वाढायची.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात जिना ओला होता. पहिल्या वळणावर मागच्या एकाची चप्पल सटकली. खुर्चीचा कोपरा धप्पकन खाली गेला, एक चाक पायरीच्या कडेवर आदळलं आणि मी बाजूला कलंडले. कोणीतरी माझा दंड इतका घट्ट धरला की बोटांचे वळ उठले. वही खाली गडगडत गेली. तिचा आवाज मी ऐकत राहिले, आणि मनात आलं, ही मी असते. मग सगळे हसले. सुटलो म्हणून हसले, चूक त्यांची नाही. मीही हसले. "काय नाय झालं, ताई," पिंपळगावचा म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

आई तेव्हा खाली होती. वही तिच्या पायापाशी येऊन पडली असणार, कारण संध्याकाळी तिनेच ती पुसून माझ्या पिशवीत घातली. ती काही बोलली नाही, मीही नाही. बोलले तर ती म्हणेल, पुरे झालं कॉलेज, घरी बसून बाहेरून परीक्षा दे. आणि घरी बसणं म्हणजे काय, ते मी बारावीनंतर एक वर्ष भोगलं होतं. खिडकीतून रस्त्यावरच्या रिक्षा बघत बसायच्या. त्या खिडकीची भीती जिन्याच्या भीतीपेक्षा मोठी होती. एवढं एकच गणित माझ्याकडे होतं, आणि त्याच्या जोरावर मी रोज जिन्याशी जायची.

पण त्या दिवसापासून शरीर ऐकेना. पहिली पायरी दिसली की हात गार पडायचे. वर पोचल्यावर पेन्सिल धरता यायची नाही. आमच्या अभ्यासात समोच्चरेषा असतात, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या. नकाशावर त्या जवळ जवळ आल्या की समजायचं, चढ उभा आहे. मी ब्रह्मगिरी डोंगराच्या उताराचा छेद, म्हणजे डोंगर उभा कापल्यासारखी आकृती, काढायला बसायची आणि माझ्याच हाताने रेषा इतक्या वाकड्या जायच्या की सर विचारायचे, बरं नाही का? प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली होती. ती हुकली असती तर वर्ष गेलं असतं, आणि वर्ष गेलं असतं तर परत ती खिडकी.

शेवटी मी विभागप्रमुखांना सांगितलं. "सर, मला भीती वाटते. उचलून न्यायची."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारत होते. सर भले गृहस्थ. त्यांनी चष्मा काढला. "अगं, भीती कसली? आम्ही आहोत ना सगळे. लिफ्ट नसेल आपल्याकडे, पण माणुसकी आहे."

"सर, परीक्षा खाली घेता येणार नाही का?"

"नकाशे वर, ट्रेसिंगची टेबलं वर. बाहेरून परीक्षक येणार, त्यांना काय सांगायचं? तू काळजी करू नकोस. परीक्षेच्या दिवशी सहा मुलं लावतो."

मी म्हणाले भीती वाटते, आणि सरांनी भीतीला दोन मुलं वाढवून दिली. मी थँक्यू म्हणाले.

परीक्षेच्या सकाळी खरोखर सहा जण उभे होते, शेजारी सर. त्यातल्या एकाने कपडे वाळत घालायची दोरीही आणली होती. "ताई, बांधूनच टाकतो तुम्हाला. म्हणजे टेन्शनच नाय." तो मनापासून सांगत होता. दोरी माझ्या पोटावरून गेली तेव्हा मला कळलं की आता पडले तर खुर्चीसकट पडेन, सुटताही येणार नाही. मी दोन्ही ब्रेक लावले आणि म्हणाले, "नको. मी वर येत नाही."

ते त्यांना लाजणं वाटलं. ब्रेक लावलेली खुर्ची जमिनीवर हलत नाही, पण उचलणाऱ्याला ब्रेकचं काय? पिंपळगावचा म्हणाला, "हां, एकदम," आणि मी वर गेले. मी "नको, नको" म्हणत होते, पण हळू. सहा जणांचे पाय एकमेकांत अडकत होते, खुर्ची डावी-उजवीकडे डुलत होती, छत हलत होतं. मला खात्री वाटली की आज होणार. मी डोळे मिटले.

"खाली ठेवा तिला."

आईचा आवाज. ती ओरडली नाही. पण हा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. पोरं तिसऱ्या-चौथ्या पायरीवर थबकली.

"मावशी, पेपर हाय ताईंचा," पिंपळगावचा म्हणाला.

"असू दे. नको म्हणतीये ना ती? खाली ठेवा आधी."

त्यांनी मला उतरवलं. आईने दोरीची गाठ सोडायला घेतली. तिच्या बोटांना ती सुटेना. शेवटी ती दातांनी सोडवली. मी रडले. पोरांसमोर, सरांसमोर. दोन वर्षांचं सगळं तिथे बाहेर आलं, आणि मग मला नवीच भीती वाटली की आपण आपल्या हाताने वर्ष घालवलं. सर घड्याळ बघत होते.

परीक्षक बाई धुळ्याकडून आल्या होत्या. काय गोंधळ चाललाय म्हणून त्या जिन्यावरून डोकावल्या. आईनेच त्यांना सांगितलं, "बाई, ती वर येणार नाय. लय भिते. मी पण भिते." बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. "नकाशे खाली येत नाहीत का?" एवढंच विचारलं.

येत होते. गुंडाळी करून एका हातात मावत होते. टेबलाला दोन पोरं पुरली. तळमजल्यावरच्या ग्रंथालयाच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीशेजारी, मी परीक्षा दिली. पहिला अर्धा तास रेषा थरथरत गेल्या, तो छेद मला आजही आवडत नाही. मग मात्र हात स्थिर झाला. मध्येच तहान लागली म्हणून मी पाणी प्यायले. ग्लासभर.

परत येताना रिक्षात मी आईला म्हणाले, "तू तर कधी बघायचीही नाहीस. मला वाटायचं तुला काही वाटत नाही."

आई रस्त्याकडे बघत राहिली. "बघवत नव्हतं गं. पाठ करून ऐकत बसायचे. वर नेऊन ठेवलं की फरशीवर खुर्ची टेकल्याचा आवाज येतो. तो आला की मंग जीवात जीव. तोवर हातात काय चाललंय, काय कळायचं नाय मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर सर म्हणाले असते, एवढी भीती वाटते तर आणू नका पोरीला. तुझं शिकणं माझ्यामुळं बंद पडलं असतं."

मला काड्या आठवल्या. दोन वर्षांच्या काड्या आणि मुळं. तिने कधी मेथीकडे पाहिलंच नव्हतं.

मी पास झाले आणि त्याच विभागात पीएच.डी.ला लागले. नकाशे खाली ग्रंथालयात माझ्यापाशी यायला लागले. यंदा कॉलेजात लिफ्ट आली. तुझ्यामुळे आली, असं सगळे म्हणतात. तपासणीला समिती येणार होती म्हणून आली, असं मी म्हणते. पहिल्या दिवशी मी एकटी आत गेले आणि स्वतःच्या बोटाने बटण दाबलं. दार बंद झालं तेव्हा हात गार पडलेच. वर दार उघडलं, मी आपल्या आपण बाहेर आले आणि कपाटांपाशी जाऊन नकाशे काढत बसले. तहान लागली तशी पाणीही प्यायले. आनंदात खाली काय चाललं असेल ते माझ्या लक्षातच आलं नाही.

दुपारी खाली आले तर दाराशी आई उभी. लिफ्टच्या इतकी जवळ की दार उघडताच तिचा हात आत आला. मेथी बाकाखाली सांडलेली. रखवालदार म्हणाला, "मावशी सकाळपासून इथंच उभ्या आहेत, बसायला तयार नाहीत."

"आई, आता कोणी उचलत नाही. आता कशाची भीती?"

"दार बंद झालं आणि तू दिसेनाशी झालीस," ती म्हणाली. "पोरं उचलायची तेव्हा आवाज तरी यायचा."

आता मी वर पोचले की आधी जिन्याच्या कठड्याशी जाते. खुर्चीची पुढची चाकं जरा उचलते आणि फरशीवर आपटते. खालून उत्तर येत नाही, आणि विभागातले लोक हसतात. संध्याकाळच्या भाजीत काड्या अजून निघतात, थोड्या कमी. बाबा आता त्या न बोलता ताटाच्या कडेला काढून ठेवतात.