कापसाखाली गेलेल्या गोगलगायी

माझ्या बापानं विहीर खणली तेव्हा दगडात रुतलेल्या गोगलगायी निघाल्या होत्या, त्याही दगडाच्याच. लग्न झाल्यापासून मी हे सांगते आणि आमचे हे तेव्हापासून हसतात. "सासरेबुवा भांग घेऊन खणत होते काय वं?" यंदा भाऊ सांगत आला, तो दगड एका साहेबानं अमरावतीला नेला. तिथं दोन खोल्यांत समुद्राच्या शिंपल्या अन् आपल्या मुलखातले दगड मांडलेत, कोणीही जाऊन पाहावं. मी यांना म्हटलं, चला. आता डोळ्यांनीच पाहा.

अकोल्याहून जाणार असाल तर कापसाचे दिवस टाळा बरं. कुठं दूरदेशी लढाई लागली म्हणे, म्हणून विलायतेला आपला कापूस हवा, अन् इथं माणसाला गाडी मिळेना. गाडीवान म्हणतो, "माय, तुमच्या जागी कापूस भरला तं जास्त भेटते." ऐकलंत? शेवटी कापसाच्या बोऱ्यांवर बसून गेलो, अन् भाडं मात्र पुरं दिलं! मूर्तिजापूरला मुक्काम केला. भाकर महाग, कारण ज्वारी पेरतो कोण आता? झुणका मात्र झणझणीत होता. बोटं चाटली मी.

अमरावतीत पोचलो, खोलीचं दार उघडलं, तर आत छतापर्यंत कापूस! साहेब बदलून गेला अन् घरमालकानं खोल्या व्यापाऱ्याला दिल्या. शिंपल्यांची एक फळी तेवढी उरलेली. मी समुद्र कधी पाहिला नाही; त्या गुलाबी, दातेरी शिंपल्या पाहून हरखलेच. पण माझा दगड कुठं?

व्यापाऱ्याचा मुनीम म्हणाला, "दगड बाहेर टाकले. गाड्यांच्या चाकांले लावाले कामी येतात."

माझ्या अंगाची आग झाली. अंगणात एकेका गाडीखाली वाकत गेले. एका चाकाखाली दिसल्या माझ्या गोगलगायी, पाठीवरच्या वेटोळ्यांसकट.

"काढू नको माय, गाडी घसरंल!" गाडीवान ओरडला.

हे वाकले. बराच वेळ पाहत राहिले. मग चाकाला खांदा लावून म्हणाले, "मी धरतो. तू काढ."

मुनीम हसला. "घरी घेऊन जा, बाई. एका दगडानं काय होते?"

"घरी काहून नेऊ? चार लोकांनी पाहावा म्हणून दिला, तुमच्या चाकासाठी नाही!"

तेव्हा यांनी आवाज चढवला. "बोरा सरकवा. माह्या सासऱ्याच्या विहिरीतला दगड हाय तो." अन् आत जाऊन स्वतःच्या हातानं फळीवर शिंपल्यांशेजारी ठेवला.

तुम्ही गेलात तर त्या फळीवर पाहा. नसला तर बाहेर चाकांखाली शोधा, अन् खुशाल भांडा.

आता घरी येऊन बरेच दिवस झाले. हे रोज पारावर बसून सांगतात, "मी तं पयलेपासून म्हणत होतो, दगडात गोगलगायी असतात!" लोक माना डोलावतात. पाण्याला जाताना ऐकते अन् घागर आपटावीशी वाटते. पण विहीर कोणाची म्हणून कोणी विचारलं, की हे माझ्या बापाचं नाव घेतात, मोठ्यानं. मग मी पुढं चालू लागते.