उरलेली अर्धी बाटली

मुळशीतल्या उरवडे गावात कोंडाजीला पाठीमागं सगळे 'पंचनामा' म्हणतात, आणि त्यात कुणाचं काही चुकत नाही. माणूस साठी ओलांडून गेला, पण चौकशीची खोड गेली नाही. म्हैस घ्यायची तर तिची आई किती दूध द्यायची इथून सुरुवात. मिक्सर घेतला तेव्हा दुकानदाराला त्याचं बूड उघडून दाखवायला लावलं. वरच्या मजल्यावरच्या खोल्या कारखान्यातल्या पोरांना भाड्यानं दिल्यात, तर त्या पोरांच्या मावश्यांची गावंसुद्धा ह्याला पाठ. गावात दारू प्यायचा सरकारी परवाना रीतसर काढणाराही हाच एकटा. दुकानाच्या पाटीवर 'परवानाधारकांसाठी' असं लिहिलेलं त्यानं वाचलं, आणि विचारत विचारत पार कचेरीपर्यंत जाऊन आला. गाव हसलं. हसू दे.

आणि एवढा परवाना काढून हा गडी प्यायचा किती? तर आठवड्याला अर्धी बाटली बियर. तीही रविवारी.

रविवारी बायकोचा, गोजराबाईचा, मटणाचा रस्सा रटरटायला लागला की गोठ्यामागच्या कट्ट्यावर कोंडाजी आणि भिवाजी बसायचे. भिवाजी म्हणजे कोंडाजीचा बांधाला बांध लागून असलेला शेजारी आणि शाळेपासूनचा जोडीदार. एक मोठी बाटली, दोन काचेचे पेले. वाटणीचा नियम जुना, भावाभावांच्या वाटण्यांत चालतो तोच: एकानं वाटे करायचे, दुसऱ्यानं आधी उचलायचा. ओतायचा कोंडाजी, उचलायचा भिवाजी. त्यामुळं कोंडाजीचं ओतणं सोनारानं बघत बसावं असं. फेस बसेपर्यंत थांबायचं, पेले शेजारीशेजारी लावायचे, वाकून डोळा त्यांच्या रेषेत आणायचा, मग दोन थेंब इकडचे तिकडं. भिवाजी मुद्दाम वेळ लावायचा. हा का तो, करत दोन्ही पेल्यांवरून हात फिरवायचा. "आरं उचल की, गरम व्हाया लागली," असं कोंडाजीनं खेकसल्याशिवाय त्याला चैनच पडायची नाही. पोरांची लग्नं झाली, नातवंडं झाली, तरी हे चालूच होतं.

मग गेल्या शिमग्यानंतर भिवाजीच्या रानात मोजणीवाले आले. कोंडाजी गेला विचारायला, तो काय घरात बसणार होता?

"कशाची मोजणी?"

"जमीन विकली ना भिवाजींनी," मोजणीवाला म्हणाला. "तुम्हाला माहीत नाही?"

अख्ख्या गावाची खबर ठेवणाऱ्या माणसाला असं विचारणं म्हणजे भर चौकात मुस्कटात मारणं. बरं, विकली त्याचं एवढं नव्हतं. मुळशीत आता कोण विकत नाही? पण आदल्याच रविवारी दोघं कट्ट्यावर बसले होते. भिवाजीनं पेल्यावरून हात फिरवला होता, थट्टा केली होती, आणि ह्यातला चकार शब्द बोलला नव्हता. कोंडाजीला ते लागलं. फार लागलं. महिन्याभरात भिवाजी बायकोला घेऊन पोराच्या फ्लॅटवर भूगावला राहायला गेला. निघताना दारापर्यंत आला होता. कोंडाजी मागच्या दारानं गोठ्यात गेला आणि म्हशीच्या अंगावरची गोचिडं शोधत बसला. टेम्पोचा आवाज विरेपर्यंत तो काही बाहेर आला नाही.

तेव्हापासून बाटली अर्धी उरायला लागली.

पूर्ण प्यायची तर डोकं धरतं, आणि गोजराबाईला दिलेला अर्ध्या बाटलीचा शब्द मोडतो. ओतून द्यायची तर जीव तुटतो. दुसऱ्या कुणाला बोलवावं, तर लोक अर्ध्या बाटलीवर थांबत नाहीत, तिसरी-चौथी मागतात आणि मग राजकारण बोलतात. कोंडाजीनं बाटलीला रबरी बूच मारून फ्रीजमध्ये ठेवून पाहिली. पुढच्या रविवारी ती शिळ्या ताकासारखी लागली. चार-पाच रविवारची उरलेली बियर परसातल्या कढीपत्त्याच्या बुडाशी गेली.

"काका, मग छोटी बाटली घ्या ना. पाइंट मिळते," वरच्या खोलीतला निषाद म्हणाला. हा एका कंपनीत इंजिनियर, स्वभावानं सालस.

"तिची चव येगळी लागती," कोंडाजीनं ठोकून दिलं.

चव कसली वेगळी? एकदा आणली होती त्यानं. कट्ट्यावर बसला, पेल्यात ओतली आणि बघत राहिला. ती आधीच वाटून आलेली होती. तिच्यात वाटायचं काय राहिलं होतं? पण हे निषादला कसं सांगणार.

तेव्हा निषादनं त्याला फोनवर ती चीज दाखवली. स्टीलची छोटी टाकी, वर तोटी, बाजूला गोल काटा. ताज्या बियरच्या हॉटेलात जाऊन भरून आणायची, फ्रीजमध्ये ठेवायची, लागेल तेवढी तोटीनं काढायची, रिकामी झाली की धुऊन परत भरायची. "उरलेली खराब होत नाही, काका."

उरलेली खराब होत नाही! कोंडाजीचे कान टवकारले. पुढचे आठ दिवस त्यानं निषादला पळता भुई थोडी केली. खराब का होत नाही? आत दाब कशाचा? तोच गॅस सोड्यात असतो का? मग तो संपला की काय करायचं? पोरगं बिचारं ड्यूटीवरून येताना मागच्या जिन्यानं चढायला लागलं.

शेवटी कोंडाजीनं स्कूटर काढली आणि भूगावातलं असल्या वस्तूंचं एक दुकान गाठलं. भूगाव म्हणजे आता भिवाजीचं गाव, पण तो स्वतःशी म्हणाला, आपण टाकी बघायला आलोय, कुणाला भेटायला नाही. दुकानात अपूर्वा नावाची मुलगी होती. तिनं चार टाक्या काढून ठेवल्या.

"ही स्वस्त कशी?" कोंडाजीनं पहिलीला बोट लावलं.

"तिला हातपंप आहे, काका. पंप मारला की बाहेरची हवा आत जाते आणि बियर बाहेर येते. पण हवा लागली की एका दिवसात संपवावी लागते."

"मंग बाटलीनं काय घोडं मारलंय?" कोंडाजीनं ती बाजूला सारली. "गॅसवाली दाव."

गॅसवालीला बोटाएवढी नळकांडी लागायची. ती बसवायच्या जागी छोटा रेग्युलेटर होता, घरच्या सिलिंडरला असतो तसाच. त्याचा कान पिळून कोंडाजीनं काटा वरखाली करून पाहिला. मग पत्र्याकडं वळला. एक टाकी एकेरी पत्र्याची, एक दुहेरी. दुहेरी थर्माससारखी, थंड भरली की बाहेरही थंड राहणारी. एकेरी फ्रीजमध्ये लवकर गार होणारी, पण बाहेर काढली की लवकर तापणारी. त्यानं दोन्ही हातांत तोलल्या, झाकणं उघडून आत नाक घातलं. झाकणाखालची रबराची रिंग काढून ताणून बघितली. ही तुटली तर सुटी मिळते का? तोटी उघडून धुता येते का? आत ब्रश पोचतो का? अपूर्वाला आता मजा वाटायला लागली होती. इतकं तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"पण काका, साइज ठरवायची तर एक सांगा," ती म्हणाली. "घरात घेणारे किती जण?"

कोंडाजी रिंग झाकणात बसवत होता. ती काही केल्या बसेना.

"येकच," तो म्हणाला.

"आणि किती घेता?"

"रविवारी अर्धी बाटली."

मुलीनं मनातल्या मनात गणित केलं आणि तिचा चेहरा पडला. "मग तुम्हाला ही नाही उपयोगाची. सगळ्यात लहान दोन लिटरची आहे. अर्ध्या बाटलीनं ती संपायला दीड महिना जाईल. गॅस असला तरी ताजी बियर दोन-तीन आठवडेच चांगली राहते, पुढं चव जाते. दोघं असते, तर तीन रविवारांत बरोबर संपली असती."

कोंडाजीनं टाकी जागेवर ठेवली, मुलीचे आभार मानले आणि रिकाम्या हातानं घरी आला.

संध्याकाळी गोजराबाई कोथिंबीर निवडत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं: पंप, पत्रा, रिंग, आणि एकट्यानं न संपणारी ती सगळ्यात लहान टाकी. ती काड्या बाजूला करत ऐकत राहिली. त्याचं सांगून झाल्यावर म्हणाली,

"त्या टाकीचा सगळा पंचनामा केलात. रबर कुटली, हवा कुटली, तोटी कुटली. आन् ज्या मानसाव तुमचा राग हाय, त्याला येकदा तरी इचारलंत? का रं बाबा असं केलंस म्हून?"

"त्येनं सांगाया पायजे हुतं."

"पायजे हुतं. न्हाई सांगितलं. मंग तुमी इचारायचं. गाईम्हशींच्या आया इचारता, तितंच कशी दातखीळ बसली?"

कोंडाजी उठून ओसरीवर गेला. बाईचं बरोबर होतं आणि ते त्याला झोंबलं. त्याला विचारायची भीती वाटत होती, दुसरं काही नाही. समजा भिवा म्हणाला, 'तुला कशाला सांगू? तू कोन माझा?' मग काय करायचं? न विचारलेल्या प्रश्नात निदान थोडी आशा तरी असते. थोड्या वेळानं तो परत आत आला.

"आन् त्यो म्हनला, तुला काय करायचंय, तर?"

"तर टाकी आणू नका," गोजराबाई म्हणाली. "कढीपत्ता लई माजलाय, त्यालाच घालत ऱ्हावा."

पुढच्या रविवारी सकाळी कोंडाजी पुन्हा त्या दुकानात गेला आणि दोन लिटरची, दुहेरी पत्र्याची टाकी घेतली. एकेरी का नाही, असं अपूर्वानं विचारलं. "पयल्यांदा लांब न्यायचीय," एवढंच तो बोलला. टाकी तिथंच धुऊन घेतली. चांदणी चौकाच्या अलीकडं ताजी बियर करणारं एक हॉटेल होतं, तिथं भरून घेतली. भरणाऱ्यालाही त्यानं दोन-चार प्रश्न विचारले, पण त्यात नेहमीचा दम नव्हता. टाकी टॉवेलात गुंडाळून स्कूटरवर पायाशी ठेवली आणि भूगावातले सगळे गतिरोधक मोजल्यासारखा हळूहळू निघाला.

भिवाजीच्या फ्लॅटचं दार उषानं, म्हणजे भिवाजीच्या बायकोनं उघडलं. तिनं आधी कोंडाजीकडं पाहिलं, मग त्याच्या काखेतल्या टॉवेलाकडं.

"भावजी, ताकाला येऊन भांडं लपवताय व्हय?" ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "बसा. हायेत ते गॅलरीत. रविवारचे तितंच बसून असत्यात."

गॅलरीत दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. एकीवर भिवाजी बसलेला, दुसरी रिकामी. त्यानं वर बघितलं आणि पाय आवरून वाट दिली. कोंडाजी रिकाम्या खुर्चीत बसला, टॉवेल सोडला, टाकी कठड्यावर ठेवली. उषानं न विचारता दोन काचेचे पेले आणून दिले.

कोंडाजीनं तोटी उघडली. वाटेत हिसके बसले होते, तोटी गरम होती. पहिला पेला नुसत्या फेसानं भरला. दुसरा झकास आला, पिवळाधमक, वर बोटभर फेस. त्यानं दोन्ही शेजारीशेजारी लावले. फेस बसायला वेळ होता. आता नाही तर कधीच नाही.

"भिवा, मला का न्हाई सांगितलंस?"

भिवाजीनं पेल्यांवरची नजर समोरच्या इमारतीकडं वळवली.

"तुला सांगितलं असतं तर तू इचारत बसला असतास," तो म्हणाला. "का इकतोस, काय नड हाय, पोराकडं जमंल का, हिच्या गुडघ्याचं काय. समद्याची उत्तरं हुती माज्याकडं. पन तू शेवटी इचारलं असतंस, रविवारी कुनासंगं बसशील? त्याचं न्हवतं. त्ये इचारलं असतंस तर माज्यानं सही झाली नसती."

कोंडाजीला वाटलं, आपण खरंच हेच विचारलं असतं. शब्दाला शब्द. त्याला रडू आलं ते त्यानं नाक ओढून परतवलं, आणि इतके महिने म्हशीच्या गोचिडांत घालवल्याची त्याला लाज वाटली.

तोवर फेस बसला होता. दुसरा पेला काठोकाठ. पहिल्यात जेमतेम निम्मी. असली वाटणी कोंडाजीनं जन्मात केली नव्हती. ती सारखी करायला त्यानं हात पुढं केला, पण भिवाजीनं त्याचा हात धरला.

"वाटं झाल्यात. आता माजी पाळी."

ह्या खेपेला त्यानं हात फिरवला नाही, वेळ लावला नाही. सरळ निम्मा पेला उचलला.

"आरं, त्यो आर्धाच हाय," कोंडाजी म्हणाला.

"दिसतंय मला." भिवाजीनं घोट घेतला आणि पेल्यानंच टाकीकडं खूण केली. "ह्यात ऱ्हायल्याली किती दीस टिकती?"

"दोगं असलं तर तीन रविवार."

"आन् मंग?"

"मंग धुवायची आन् परत भरायची," कोंडाजी म्हणाला. "त्येच्यासाठीच तर घेतली." आणि त्यानं टाकी भिवाजीच्याच फ्रीजमध्ये नेऊन ठेवली.