जिजाकाकीचं विरजण

कडावची जिजाकाकी आमच्या नात्याची नव्हे, कुंपणापलीकडची. एक म्हैस, जेमतेम पोटापुरतं भातशेत आणि तीन गावांना पुरेल एवढं तोंड, ही तिची इस्टेट. आज मी जिवंत आहे तो तिच्यामुळे. हे मी कुणालाही सांगतो, कुणी विचारलं नाही तरी.

१८७९ साली मी दीड वर्षाचा होतो. जुलाब लागले ते थांबेनात. दूध पाजलं की पाण्यासारखं बाहेर. आईनं, सोनाबाईनं, आशा सोडली, पण दूध सोडलं नाही. काकीनंच तिला अडवलं, "दूध बंद कर गं सोना. दही दे पोराला."

आमचं विरजण सुतकात टाकून दिलेलं. काकीनं सकाळी चमचाभर दिलं, आणि आईनं घाईघाईत ते उकळत्या दुधात घातलं! संध्याकाळी पाहते तो दूध जसंच्या तसं. तोवर दिवेलागण झालेली. दिवे लागल्यावर विरजण दिलं की घरची लक्ष्मी जाते, म्हणून काकीची सासू दारात आडवी उभी राहिली.

"पोरापरीस मोठी लक्ष्मी कंची हाय, आत्याबाई?" म्हणत काकी उरलंसुरलं दही घेऊन बाहेर पडली. आमच्या चुलीपुढं बसून तिनं दूध बोटाला सोसेल इतकं निवू दिलं, विरजण लावलं, मडकं घोंगडीत गुंडाळलं. सकाळी घट्ट दही. त्यातले दोन चमचे पोटात गेले ते राहिले. आठवड्यानं मी उंबरा ओलांडला.

पुढं मुंबईत शिकून आलो आणि शहाणपणा पाजळायला काकीकडंच गेलो. ती सुपात तांदूळ निवडत होती. म्हटलं, "काकी, दुधातही साखर असते. आजारी पोटाला ती फोडता येत नाही. दह्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. ते आपल्या रसानं तिचे तुकडे करतात, स्वतः खातात, त्यानंच दही आंबतं. काही साखर पोटात जायच्या आधीच फुटते, उरलेली फोडायलाही त्यांची मदत होते. उकळत्या दुधात मात्र ते मरतात."

तिचे हात थांबले. "म्हंजी माज्या नागूला दही चाललं असतं?"

नागू तिचा एकुलता. माझ्या दुखण्याच्या आदल्याच वर्षी असाच जुलाबानं गेलेला. मला ते ठाऊकच नव्हतं.

"सांगता येत नाही, काकी."

"त्याला दूधच पाजत बसले व्हते मी," ती म्हणाली. "म्हून तुला दही दिलं रं."

मी तिचे पाय धरले.