कोडबळ्याचं ड्रॉइंग

निवृत्त माणसानं दोन गोष्टी करू नयेत. घरातली कपाटं लावायला घेऊ नयेत आणि बायकोला स्वयंपाकाचे सल्ले देऊ नयेत. मी दोन्ही पहिल्याच आठवड्यात करून बसलो. आठव्या दिवशी बायको अगदी शांतपणे म्हणाली, "तुम्ही कुठेतरी जात जा." तेव्हापासून गेली सहा वर्षं मी दर बुधवारी कुठेतरी जातो.

ह्या 'कुठेतरी'चा कार्यक्रम पक्का आहे. सकाळी जालहळ्ळीहून मेट्रो पकडायची, मित्राला गांधीबाजारात गाठायचं, लोण्याचा डोसा आणि दोघांत मिळून तीन कॉफ्या. मग पॅलेस रोडवरच्या चित्रसंग्रहालयात दोन तास. नंतर जयनगरला मित्राच्या घरी जेवण आणि त्याच्या दिवाणावर एक झोप. आठवड्यातले उरलेले सहा दिवस मी ह्याच दिवसाच्या जिवावर काढतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. बेंगळुरूत माझ्याइतका मजेत जगणारा पेन्शनर असेल तर त्यानं समोर यावं.

हा मित्र आणि मी एकाच सरकारी कारखान्यात छत्तीस वर्षं होतो. तो ड्रॉइंग ऑफिसात, मी इन्स्पेक्शनला. म्हणजे तो कागदावर भाग काढणार, खाली शॉपमध्ये तो बनणार, आणि मी त्याला गेज लावून नापास करणार. मी सांगलीहून नोकरीसाठी आलेला. त्याचे खापरपणजोबाच इकडे आले आणि चिकपेटेत कापड विकत बसले. त्यामुळे त्याच्या घरात मराठी टिकली, पण तिला कानडी फोडणी बसली. मी त्याच्यापेक्षा सहा महिन्यांनी मोठा, म्हणून तो मला अण्णा म्हणतो.

चित्रं बघायला त्यानंच मला शिकवलं, म्हणजे प्रयत्न केला. तो एका चित्रापुढे वीस मिनिटं उभा राहतो. तेवढ्यात माझं एक दालन होतं. मी परत येऊन निकाल देतो, "ह्या बाईचा हात लांब झालाय." तो म्हणतो, "स्वल्प मागं ये, अण्णा. मग बघ." मी पाच पावलं मागे जातो. हात तरीही लांबच असतो, पण ते सांगायची घाई मात्र राहत नाही.

आता डब्याचं सांगायला हवं. आमच्या लग्नात मिळालेला एक कडीचा स्टीलचा डबा आहे, झाकणावर बायकोच्या मावशीचं नाव कोरलेलं. नोकरीच्या पहिल्या वर्षांत कधीतरी तो शेंगांची चटणी घेऊन मित्राच्या घरी गेला आणि परत येताना वहिनींची, म्हणजे मित्राच्या बायकोची, कोडबळी घेऊन आला. कोडबळी म्हणजे आपल्या कडबोळ्यांचे तांदळाच्या पिठाचे कानडी भाऊ. बांगडीएवढी, लालसर, आणि अशी खुसखुशीत की खाताना बोलणं बंद. तेव्हापासून डबा दोन घरांत फिरत राहिला. इकडून पुरणपोळी, तिकडून चिरोटे. इकडून तिळाच्या वड्या, तिकडून थंडीतल्या अवरेकाळूची, म्हणजे पावट्याची, उसळ. डबा रिकामा परत द्यायचा नाही, हा आपल्याकडचा नियम कुणी कुणाला सांगावा लागत नाही.

मी मात्र तो सांगितला. एकदा वहिनी आजारी होत्या आणि मित्रानं डबा कारखान्यात नुसताच आणून दिला. मी कॅन्टीनमध्ये, दहा जणांसमोर, झाकण काढून डबा टेबलावर उलटा आपटला. "आमच्याकडे रिकामा डबा देणाऱ्याला परत डबा मिळत नाही हो!" सगळे हसले, तोही हसला. विनोद यशस्वी झाला म्हणून पुढे पंचवीस वर्षं मी तो संधी मिळेल तिथे वापरला. मी निवृत्त झालो, माझे विनोद अजून कामावर आहेत.

ह्या जानेवारीत वहिनी गेल्या. संध्याकाळी छातीत दुखायला लागलं आणि सकाळ उजाडायच्या आत सगळं संपलं. तेरावा झाल्यावर बायकोनं गोडाचा शिरा करून त्याच डब्यातून पाठवला. मित्रानं दोन्ही हातांनी डबा घेतला आणि आत नेऊन ठेवला. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

त्यानंतर बुधवार बिघडले. आधी तो डोशाला यायचा, संग्रहालयातही यायचा, पण जेवायची वेळ झाली की म्हणायचा, "घरी नको अण्णा, इथंच कुठं ऊटा करू." मग डोसाही सुटला. कधी गुडघा दुखत होता, कधी प्लंबर येणार होता, कधी नुसतंच "आज बेड," म्हणजे कानडीत नको. मी म्हटलं, बाबा रे, मीच जेवण घेऊन येतो. त्यावर तो इतक्या घाईनं नको म्हणाला की मी फोनकडे बघत राहिलो.

मला राग आला. मला राग लवकर येतो आणि तो मी लपवत नाही. दुःख कुणाला नसतं? म्हणून चाळीस वर्षांच्या मित्राला दाराबाहेर ठेवायचं? गेला उडत, असं मी घरात मोठ्यानं म्हणालो. बायको भाजी निवडत होती. ती म्हणाली, "आणि भावजींकडे आपला डबा आहे. मावशीचा आहे तो."

"डब्याचं काय घेऊन बसलीस!"

"एवढे दिवस कधी राहिला नव्हता तिकडे," ती म्हणाली आणि पुन्हा भाजीकडे वळली. तिला बहुतेक तेव्हाच कळलं होतं. मला कळायला अजून तीन बुधवार लागले.

त्या तीन बुधवारी मी एकटाच गेलो. डोसा तोच होता, लोणीही तेच होतं. मी निम्मा टाकला. संग्रहालयात लांब हाताच्या बाईसमोर उभा राहिलो आणि आपणहून पाच पावलं मागे गेलो. शेजारी बोलायला कुणी नसलं की चित्रं लवकर संपतात. मला तो हवा होता, एवढंच. हे त्याला सांगण्याऐवजी मी त्याच्यावर चिडून बसलो होतो.

तिसऱ्या बुधवारी त्याच बाईसमोर असताना फोन वाजला. मित्राचा मुलगा होता. तो इलेक्ट्रॉनिक सिटीत राहतो, तिथेच नोकरी करतो. "काका, सॉरी हं, डिस्टर्ब करतोय. बाबा तुमच्यासोबत आहेत ना? फोन उचलत नाहीत. दर वेन्सडेला तुम्ही भेटता म्हणून मी निश्चिंत असतो."

म्हणजे तो मुलाला सांगत होता की मी अण्णाबरोबर आहे. मी काही विचार न करता म्हणालो, "हो तर. इथेच आहे, चित्रापुढे उभा आहे. तुला माहीत आहे ना, अशा वेळी तो बोलत नाही." मुलगा हसला आणि त्यानं फोन ठेवला.

फोन बंद झाल्यावर मला कळलं, मी काय बोलून बसलो. उचलली जीभ लावली टाळ्याला. मुलगा आता निश्चिंतपणे कामाला लागला असणार, आणि तिकडे हा पडला असेल तर? मी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग रस्त्यावर येऊन मिळेल ती रिक्षा पकडली. रिक्षावाल्याला मी इतक्या वेळा "बेगा, बेगा", लवकर, लवकर, म्हणालो की तो म्हणाला, "सरी सार, मी पण विमान नाही चालवत." अर्धं कानडी, अर्धं मोडकं मराठी, पण म्हणणं बरोबर होतं. जयनगर येईपर्यंत मी मित्राविरुद्ध मनात धरलेलं सगळं एकेक करून मागे घेतलं.

बेल दाबली. आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला, आणि दार उघडलं. मित्र उभा होता, धडधाकट. कोपरापर्यंत पिठानं माखलेला. चष्म्यावरही पीठ.

"फोन का उचलत नाहीस?" मी ओरडलो.

"हात बघ की," तो म्हणाला.

मी त्याला बाजूला सारून सरळ स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर परात, शेगडीवर कढई, जमिनीवर पडलेला झारा. एका कोपऱ्यात आमचा डबा, घासूनपुसून लख्ख, झाकण उघडं. आणि फ्रिजच्या दारावर कागद चिकटवलेले, एकावर एक. मी जवळ जाऊन पाहिलं. कोडबळ्याचं ड्रॉइंग होतं.

अगदी कारखान्यातल्यासारखं. वरून दिसणारं, बाजूनं दिसणारं, मधून कापलेलं. बाहेरचा व्यास, आतला व्यास, जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. जिथे दोन टोकं जुळतात तिथला अंगठ्याचा दाबसुद्धा काढलेला, कारण वहिनी तो तसा द्यायच्या. खाली चौकट. काढले: त्याची सही. तपासले: रिकामं. सुधारणा क्रमांक अकरा. आणि मटेरियलच्या रकान्यात तांदळाचं पीठ, रवा, खोबरं, तिखट, हिंग, आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह.

"मापं कशावरून घेतलीस?" मी विचारलं. खरं तर मला दुसरं काहीतरी बोलायचं होतं.

त्यानं फडताळातून एक बरणी काढली. आत एकच कोडबळं होतं, जानेवारीतलं. शेजारी त्याचा जाडी मोजायचा जुना व्हर्नियर. "तिच्या हातचं एवढंच राहिलंय," तो म्हणाला. "आकार बरोब्बर येतोय अण्णा. पण दाताला लागतंय दगडासारखं. सहा वेळा केलं."

"पण हे सगळं कशाला?"

त्यानं डब्याकडे बोट केलं. "रिकामा कसा देऊ? तूच म्हणतोस ना. रिकामा दिला तर परत मिळत नाही."

पाच महिने हा माणूस माझ्या एका शिळ्या विनोदाला खरं मानून पिठात हात घालून बसला होता, आणि मी त्याला गर्विष्ठ ठरवत होतो. मला स्वतःची शरम वाटली आणि डोळ्यांत पाणी आलं. ते मी हिंगावर ढकललं.

त्यानं नुकतंच तळलेलं एक माझ्यापुढे धरलं. "खरं सांग. तू इन्स्पेक्शनचा माणूस."

मी चावलं. दाढेतून कळ गेली. खोटं बोलायचा मोह झाला, पण हा माणूस खोटं ओळखतो आणि त्याला त्याचा अपमान वाटतो.

"रिजेक्ट," मी म्हणालो.

तो हसला. जानेवारीनंतर पहिल्यांदा हसला, आणि मग तसाच परातीपाशी बसून रडला. मी त्याच्या पिठाळ खांद्यावर हात ठेवून उभा राहिलो.

थोड्या वेळानं मी मुलाला फोन करून खरं सांगितलं. मग बायकोला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सगळं ऐकून तिनं एकच प्रश्न विचारला, "मोहन किती घातलंत?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "मोहन म्हणजे?" मित्र म्हणाला.

"अहो, पीठ भिजवायच्या आधी कडकडीत तेल घालतात वरून! त्याशिवाय खुसखुशीत कसं होणार?" मग ती म्हणाली, "चाळीस वर्षं खाल्लंत ना तुम्ही दोघांनी?"

खाल्लं होतं. डबा आमच्या मैत्रीचा आहे असं आम्ही जगाला सांगत होतो. तो भरणाऱ्या दोघी होत्या. आम्ही फक्त इकडून तिकडे नेणारे हमाल. हे मला सदुसष्टाव्या वर्षी, जयनगरच्या एका ओट्यापाशी कळलं.

मित्रानं हात धुतले, पेन्सिल घेतली, प्रश्नचिन्ह खोडलं आणि सुबक अक्षरांत लिहिलं, 'मोहन, कडकडीत'. मग आम्ही दोघांनी मिळून सातवा घाणा केला. मी तेल तापवलं, त्यानं कोडबळी वळली. वहिनींसारखी झाली नाहीत, पण दात वाचले. मी चौकटीत 'तपासले'पुढे सही केली. बरणीतलं कोडबळं त्यानं पुन्हा जागेवर ठेवलं.

डबा मांडीवर घेऊन मी मेट्रोनं घरी आलो. बायकोनं झाकण उघडलं, एक खाल्लं, दुसरं घेतलं. मग डबा रिकामा झाल्यावर धुऊन, पुसून माझ्यापुढे ठेवला.

"ह्या वेळी मी भरणार नाही," ती म्हणाली.

पुढच्या बुधवारच्या आधी मी जन्मात पहिल्यांदा शिरा केला. रवा भाजताना एकदा लागला आणि साखर दोनदा पडली. बायको दारात उभी राहून बघत होती, आणि मी तिला दिले होते तसे सल्ले तिनं एकदाही दिले नाहीत.

जयनगरला मित्रानं डबा उघडला, वास घेतला, चमचाभर तोंडात टाकला. मी गेजकडे बघायचो तसा तो माझ्याकडे बघत राहिला.

"रिजेक्ट," तो म्हणाला, आणि दुसरा चमचा घेतला. मग तिसरा. शेवटी बोटानं तळ पुसून खाल्ला.

निघताना मी डब्याला हात लावला, तर त्यानं तो उचलून आत नेऊन ठेवला.