देवजी पाटलाचा रकाना

देवजी पाटलाच्या हाती ते पुस्तक मीच दिलं. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको.

मी तालुक्याच्या कचेरीत कारकून होतो. गावोगावच्या जन्ममृत्यूच्या याद्या दर महिन्याला यायच्या, त्या तपासून साहेबांपुढे सहीला ठेवणं हे माझं काम. देवजी शेणव्याच्या पुढच्या एका लहानशा गावाचा पोलीस पाटील. चौथी शिकलेला, अक्षर माझ्यापेक्षा बरं. १९३७च्या उन्हाळ्यात एकदा साहेब दौऱ्यावर होते आणि सहीसाठी त्याला दिवसभर कचेरीच्या ओट्यावर बसावं लागलं. "आलं का सायब?" विचारून विचारून त्याने मला भंडावून सोडलं. तेव्हा वाचनालयातून आणलेली एका जुन्या रशियन कादंबरीकाराची भाषांतरित कादंबरी मी त्याच्यापुढे टाकली. मी स्वतः ती विसाव्या पानावर सोडली होती. चारचौघांत मात्र तिची फार तारीफ करत असे.

त्या कादंबरीत एक पाणक्या मरतो. तापाने मरतो, आणि त्याच्या मरणाला चाळीस पानं लागतात. लेखक त्याच्या भावाच्या घरी जातो, मालकाच्या मुदपाकखान्यात जातो, त्याच्या बायकोच्या मनात शिरतो. तिथे बारा वर्षांपूर्वीचा, एका गोधडीवरून आलेला राग तसाच बसलेला असतो. हे सगळं मला देवजीकडूनच कळलं.

पुढच्या महिन्यात तो आला तो पार गोंधळलेला.

"भाऊसायब, तीन डाव वाचला. त्याला मारला कोनी तां काय गावत नाय."

"अरे, तापाने मेला ना तो?"

"ताप डागदरानी लिवलाय. लिवनाऱ्याचा तसा म्हनना नाय." तो ओट्यावर टेकला. "आमी पंचनामा करतू तवा चार जनांला विचारतू नि उठतू. ह्यानी साऱ्या गावाला विचारलान. ज्याचा राग यावा त्याच्या घरात नेतो, नि मंग त्याचीच कीव येते. शेवटाला चूक कोनाची तां सांगतच नाय. मंग येवढा विचारलान कशाला?"

'थोर लेखक आहे हो' असं काहीतरी पुटपुटून मी वेळ मारून नेली. खरं तर मला त्याचा हेवा वाटला. इतक्या वर्षांत कुठल्याही पुस्तकाने माझी अशी झोप उडवली नव्हती.

मग याद्या बिघडू लागल्या. मृत्यूचं कारण लिहायला यादीत बोटभर रुंदीचा रकाना असतो. तिथे देवजी पूर्वी ताप, हगवण, सर्पदंश असं लिहायचा. आता तिथे मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत मजकूर येऊ लागला. 'गोजर, वय अंदाजे चाळीस. ताप. परंतु बैल विकला त्या दिवसापासून बाई कुणाशी बोलत नव्हती.' 'नामा, वय साठ. खोकला होताच. मुलाने चूल वेगळी मांडली ते कारण असेल किंवा नसेल. नक्की सांगता येत नाही.'

साहेबांनी यादी माझ्या टेबलावर आपटली. "हा पाटील आहे की कीर्तनकार? यापुढे कारणाला एक शब्द. दुसरा दिसला तर पाटीलकी काढून घेईन."

पाटीलकी त्याच्या घरात तीन पिढ्यांची. मी देवजीला फैलावर घेतलं. त्याने पुढची तीन वर्षं एकेकच शब्द लिहिला. पण यादी दिली की उरलेलं मला तोंडी सांगायचा, आणि शेवटी मान हलवून म्हणायचा, "पन तां बी नक्की नाय." सुरुवातीला मी वैतागायचो. नंतर नंतर त्याचीच वाट पाहू लागलो.

१९४०च्या भाद्रपदात त्याची बायको रंभा गेली. त्या महिन्याची यादी घेऊन तो आला. शेवटच्या ओळीत तिचं नाव होतं, वय होतं, तारीख होती. कारणाचा रकाना कोरा होता.

"ताप होता ना?" मी विचारलं.

"व्हता. पन त्याच्या आदी आठ दिस ती ताटात भात तसाच ठेवत व्हती. मी बगत व्हतू. बोललू नाय."

तेराव्यानंतर तो बायकोची चौकशी करत घरोघर फिरला होता. शेजारच्या सकुबाईने सांगितलं, तिने धसईच्या माहेराचा ध्यास घेतला होता, आठ वर्षांत भाऊ फिरकला नव्हता. मुलगी गोदू म्हणाली, आई तर हसतखेळत होती. बांधाला बांध असलेली रंगू म्हणाली, तिच्या छातीत चैत्रापासून दुखत होतं, पण घरी सांगू नको म्हणून शपथ घातली होती. तिघींनी तीन रंभा सांगितल्या आणि देवजीला त्यातली एकही ओळखीची वाटेना.

"त्या पानक्याच्या बायकोच्या मनात काय व्हता तां मना आता बी सांगता येल," तो म्हणाला. "हिच्या मनातला येक वाक्य येत नाय. छत्तीस वरसां येका घरात रेलू, भाऊसायब."

तो रडत नव्हता. रडला असता तर मला बरं वाटलं असतं. मला काही सुचेना, म्हणून मी चिडलो.

"ताप लिही आणि मोकळा हो."

त्याने टाक घेतला आणि ठळक अक्षरांत लिहिलं, 'कारण माहीत नाही. नवऱ्याने विचारले नाही.'

"देवजी, पाटीलकी जाईल."

"जाव दे. ह्या येका डावाला खोटा नाय लिवायचा मना."

तो गेल्यावर मी दार लोटून घेतलं. नवी यादी केली, त्याच्यासारखं अक्षर काढलं आणि रंभाच्या नावापुढे 'ताप' लिहिलं. साहेबांनी न वाचता सही केली. तीन पिढ्यांची पाटीलकी मी एका शब्दात वाचवली होती. महिनाभर मी स्वतःवर खूश होतो.

पुढच्या महिन्यात देवजी आला तो पाटीलकीचं दप्तर बांधूनच. मी त्याला बाजूला घेतलं आणि काय केलं ते हळू आवाजात सांगितलं. तो पाया पडेल असंही मला वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्याने दप्तर खाली ठेवलं. रागावला होता असं म्हणवत नाही. काहीतरी समजून घ्यायचा प्रयत्न करत होता.

"तुमी ताप लिवलाव?"

"हो."

"तुमी वळखत व्हते तिला?"

मी नाही म्हणालो. रंभाला मी एकदाही पाहिलेलं नव्हतं.