तहकूब सभा

इजिप्तची सहल रद्द करायला मी केडगावच्या ट्रॅव्हल ऑफिसात गेले होते. दुसऱ्याच कुठल्या देशातल्या हल्ल्याची बातमी पाहून घरचे घाबरले होते आणि खरं सांगायचं तर मीही. शेजारच्या खुर्चीत हिवरे बाजारच्या एक साठीच्या बाई, डोक्यावरचा पदर सारखा सावरत, त्याच सहलीचे पैसे भरायला बसल्या होत्या.

"घरचे हो म्हणाले?" मी विचारलं.

"ग्रामसभाच घेतली की घरात! पोरगं म्हनलं, बाँब फुटला तर? सुनेनं बी विरोधात हात वर केला. म्हनलं, तू रोज पुन्याच्या रस्त्यानं गाडी दामटतो, तवा म्या केला का हात वर?"

"मग ठराव पडला?"

"छ्या! मालक गोठ्यात हुते. कोरम न्हाई म्हनून सभा तहकूब. आन् तहकूब सभेला कोरम लागत न्हाई, ताई. सकाळी म्या एकटीनंच मंजूर केला."

"भीती नाही वाटत?"

"वाटती की! पर तिला मत टाकू देत न्हाई."

अशी बाई आपल्या जिल्ह्यातली, याचा मला अभिमान वाटला. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, कॅन्सल ना?" मी विमानात या बाईंच्या शेजारची सीट मागितली.